शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात अंगणवाडी असेलच. सकाळी तीन-चार वर्षांची मुले तेथे जमतात. कोणी रडत येते, कोणी बहिणीच्या कडेवर बसून येते. गाणी होतात, गोष्टी होतात, गरम खिचडी मिळते आणि मुले घरी जातात. तुमच्यापैकी कित्येक जण लहानपणी अंगणवाडीत बसलेले असतील. आज हा शब्द साऱ्या भारतात चालतो. तो इतका घरचा झाला आहे की, ही युक्ती कधी काळी कोणाला तरी सुचली असेल, असे आपल्या मनातही येत नाही. ती ज्यांना सुचली त्या बाईंचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे होते. प्रार्थना समाज ही त्या काळातील सुधारकांची संस्था. जातिभेद मानू नये, मुलींना शिकवावे, विधवांना पुन्हा लग्न करता यावे, असे या संस्थेतील लोक मानत. घरातच असे वारे असल्यामुळे ताराबाईंना शाळेत जाण्यासाठी भांडावे लागले नाही. त्या काळी मुलीने चार इयत्ता शिकणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती. ताराबाई मात्र कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी वेगळे झाले. ताराबाईंच्या पदरी लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला गावात मान वर करून चालणे किती कठीण होते, याची कल्पना तुम्हांला आज येणार नाही. ताराबाई माहेरी जाऊन कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुलीला घेऊन त्या दूर गुजरातेत, राजकोटला गेल्या. तेथे शिक्षिका तयार करणारे एक कॉलेज होते. त्याच्या त्या प्राचार्या झाल्या. त्यापूर्वी अशा जागेवर बहुधा इंग्रज बायाच असत. नोकरी पगाराची होती, मानाची होती. दुसरे कोणी असते तर तेथेच निवृत्त झाले असते.

राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगर शहरात त्याच सुमारास एक वेगळाच प्रयोग चालू होता. तेथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. त्या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ काम करीत. गिजुभाई मूळचे वकील. कोर्टाचा कायदा सोडून ते मुलांच्या कायद्याकडे वळले, असे आपण गमतीने म्हणू शकतो. गंमत अशी की, मराठीत कायदा म्हणजे कानून. आणि तुमच्या घरी कायदा म्हणजे ज्यात अलिफ-बे असते ते मुलांचे पहिले पुस्तक. गिजुभाईंनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती. शिक्षा नव्हती. मुले खेळत, गाणी म्हणत, स्वतःच्या हातांनी कामे करीत. गिजुभाईंना मोठ्या मिशा होत्या आणि मुलांवर ते आईसारखी माया करीत. म्हणून गुजरातेतील लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले.

ताराबाईंनी हे काम पाहिले आणि त्यांचे मन राजकोटच्या नोकरीत रमेना. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली काम करायला गेल्या. मोठ्या कॉलेजच्या प्राचार्या आता अडीच-तीन वर्षांच्या मुलांची नाके पुसू लागल्या. लोकांना हा वेडेपणा वाटला असणार. आजही लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईपेक्षा मोठ्या मुलांना शिकवणाऱ्या सरांना आपण जास्त मान देतो. मला हे कधीच पटले नाही. पाया खणणारा आणि कळस बसवणारा यांत अवघड काम कोणाचे, हे गवंड्याला विचारून पाहा.

भावनगरला शिकवायचे ते गुजरातीतून. ताराबाईंची भाषा मराठी. त्या गुजराती शिकल्या, गुजरातीतून बोलू लागल्या, लिहू लागल्या. गिजुभाईंबरोबर त्या शिक्षणपत्रिका नावाचे गुजराती मासिक चालवीत. पुढे १९३३ साली त्याच नावाचे मासिक मराठीत सुरू झाले. घरची भाषा एक आणि कामाची भाषा दुसरी, असे तुमचेही आहे; म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. त्यांच्यासमोर आदर्श होता तो इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरात गरीब मजुरांच्या वस्तीत मुलांचे घर उघडले होते. लहान मूल डोके वापरण्याआधी हात, डोळे, कान, नाक आणि जीभ वापरून शिकते, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांच्या शाळेत मुलांना आधी पुस्तक मिळत नसे. लाकडी ठोकळे रचणे, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दाणे ओतणे, बटणे लावणे, डोळे मिटून वास ओळखणे, अशी कामे मिळत. जिभेवर थेंब ठेवून गोड, आंबट, खारट, कडू असे ओळखायचाही एक पाठ असे. आपल्या घरात याला लागणारे सारे साहित्य स्वयंपाकघरातच असते. गूळ, चिंच, मीठ आणि कारले, झाला पाठ तयार.

मग अक्षर केव्हा? अक्षर शेवटी. आणि तेही आधी डोळ्यांनी नव्हे, तर बोटाने. माँटेसरीबाई खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवीत. मूल त्या अक्षरावरून बोट फिरवी आणि त्याचा आवाज तोंडाने काढी. बोटाला वळण कळले, कानाला आवाज कळला आणि डोळ्याला आकार कळला की अक्षर कायमचे मनात बसे. शंभर वेळा पाटीवर गिरवून जे होत नाही, ते अशा रीतीने थोड्या दिवसांत होते.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ताराबाईंच्या पुढच्या सगळ्या कामात ती दिसते. मुलाला नवे अक्षर शिकवायचे असेल, तर त्यासाठी घेतलेली वस्तू त्याच्या ओळखीची हवी. आता आपली अंकलिपी उघडा. अ अननसाचा. ई ईडलिंबूचा. सोलापूर जिल्ह्यातील किती मुलांनी ईडलिंबू पाहिले आहे? मोठ्या माणसांनी तरी पाहिले आहे का? अननसही आपल्या माळरानावर पिकत नाही. अशा वेळी मुलापुढे दोन अनोळखी पाहुणे एकदम येतात. एक अक्षर आणि दुसरी ती वस्तू. बिचारे मूल गोंधळते आणि आपण म्हणतो, याचे लक्ष नाही.

ताराबाईंच्या रीतीने आपण एक अक्षर घेऊन पाहू. अक्षर घेऊ ख. अंकलिपीत बहुधा ख खटाऱ्याचा असतो. खटारा आता रस्त्यावर दिसत नाही. पण तुमच्या घरातला ईदचा सकाळचा वेळ आठवा. अम्मी शीरखुर्मा करते. त्यासाठी आदल्या रात्री ताटात काय काय काढून ठेवते? खारीक, खोबरे, खसखस. रमजानमध्ये रोजा सोडताना हातात काय असते? खजूर. शेजारच्या घरी गणपती बसतो तेव्हा आरतीनंतर तळहातावर काय पडते? खिरापत, आणि तिच्यात खोबरे व खडीसाखर. आजारी पडल्यावर काय मिळते? खिचडी. लग्नात काय मिळते? खीर. म्हणजे एका ख साठी घरातल्या घरात ताट भरले. मुलाने खारीक हातात घ्यावी, तिच्या सुरकुत्या पाहाव्यात, खोबऱ्याचा तुकडा चावावा, खसखशीचे दाणे बोटाला चिकटवून मोजायचा प्रयत्न करावा, आणि प्रत्येक वेळी तोंडातून ख चा आवाज काढावा. मग पाटीवर किंवा मातीत ख काढून दाखवावा. त्या मुलाला खटाऱ्याची गरज पडणार नाही.

उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलांसाठी यात आणखी थोडी मौज आहे. उर्दूत खजूर लिहिताना काफला दोचश्मी हे जोडावी लागते आणि खुर्मा लिहिताना खे लागते. दोन्हींचे उच्चारही वेगळे आहेत. मराठीत मात्र दोघांसाठी एकच ख. उलट काही ठिकाणी एकच फळ दोन भाषांत दोन अक्षरे देते. तुमच्या कायद्यात अलिफ अनारचा असतो. तेच फळ मराठीत डाळिंब होते आणि ड शिकवते. आपला जिल्हा डाळिंबांचा, त्यामुळे नातेपुत्याच्या मुलाला हे फळ काही चित्रात दाखवावे लागत नाही. गाजर, बदाम, हलवा, जिलेबी ही नावे तर दोन्ही भाषांत तीच आहेत. मराठीचा ग, ब, ह आणि ज आपल्या मुलांनी या चार पदार्थांवरून शिकायला काय हरकत आहे? आणि चिंच विसरू नका. या एका शब्दात च दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा उच्चार निराळा होतो. मोठ्याने म्हणून पाहा.

असो. आपण ताराबाईंकडे वळू.

भावनगरला काही वर्षे काम केल्यावर ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार ही बालशाळा सुरू केली. तेथे शिक्षिका तयार करण्याचा वर्गही चालू झाला. मध्यमवर्गीय घरांतील मुले येऊ लागली. शाळेचे नाव झाले. ठिकठिकाणी बालमंदिरे निघाली. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई वारले. त्यांच्या पश्चात संघाचा भार बहुतेक ताराबाईंवरच आला. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षे येथेच राहिल्या. शहरांतून माँटेसरी शाळांची मागणी वाढली.

आणि येथेच ताराबाईंच्या मनाला एक टोचणी लागली. माँटेसरीबाईंनी आपले पहिले घर उघडले ते मजुरांच्या मुलांसाठी. भारतात मात्र माँटेसरी शाळा म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची शाळा, असे होऊन बसले होते. लाकडाची गुळगुळीत साधने महाग. स्वच्छ खोली हवी, छोटी टेबले-खुर्च्या हव्यात, शिकलेल्या बाई हव्यात. शहरातल्या फी देणाऱ्या पालकांना हे परवडे. पण भारत राहतो खेड्यात. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलाने काय करायचे? त्याला बालपण नाही का? त्याचे हात, डोळे, कान आणि जीभ वेगळी आहेत का? ही पद्धत जर त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर तिचा उपयोग काय? ताराबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. नाव झाले होते. दादरची संस्था उभी होती. तरीही त्यांनी खेड्यात जायचे ठरवले.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. गावाच्या मागे डोंगर आणि डोंगरात वारली आदिवासींचे पाडे. पाडा म्हणजे दहा-वीस झोपड्यांची वस्ती. वारली लोक भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुंदर चित्रे काढतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्या काळी त्यांचे हाल फार होते. जमीनदार त्यांच्याकडून वेठबिगारी करून घेत. वेठबिगारी म्हणजे मजुरी न देता करून घेतलेले काम; आपण तिला बेगार म्हणतो. ताराबाई बोर्डीला गेल्या त्याच १९४५ साली त्या भागातील वारल्यांनी या बेगारीविरुद्ध मोठा लढा दिला. त्या लढ्याच्या पुढारी होत्या गोदावरी परुळेकर. तेव्हा ताराबाई कशा मुलखात शाळा काढायला गेल्या होत्या, हे ध्यानात घ्या.

या कामात त्यांना एक चांगली सोबतीण मिळाली. तिचे नाव अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले होते आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. त्या हिमतीने शिकल्या आणि पुण्यात शिक्षिका झाल्या. ताराबाईंची गाठ पडल्यावर त्या पुणे सोडून बोर्डीला आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या आणि ताराबाई त्रेपन्न. पुढची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे या दोघींनी बरोबर काम केले. ताराबाई विचार मांडीत, आखणी करीत आणि अनुताई ती मातीत उतरवीत. अर्थात इतकी सरळ वाटणी कोणत्याच कामात नसते, पण साधारण असे होते.

बोर्डीला बालवाडी निघाली. गावातली मुले आली. पण ज्यांच्यासाठी मुंबई सोडली, ती मुले आलीच नाहीत. दलित वस्तीतील मुले आली नाहीत. पाड्यावरची मुले आली नाहीत. का आली नाहीत? एक तर गावातल्या लोकांना ती आपल्या मुलांच्या शेजारी बसलेली नको होती, आणि हे त्या मुलांच्या आईबापांना ठाऊक होते. दुसरे, आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून शाळेत आणून सोडायला घरी कोणी नसे. तिसरे, अंगावर घालायला कपडा तरी हवा ना?

मुले येत नाहीत, तर पालकांना शाळेचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून मोकळे होता आले असते. आजही आपल्यापैकी पुष्कळ जण तसेच म्हणतात. ताराबाईंनी दुसरा विचार केला. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे. त्या आणि त्यांच्या सहकारी बाया सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे. जी दोन-चार मुले दिसतील त्यांना गोळा करायचे. पाणी आणून त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग तेथेच बसून गाणे, गोष्ट आणि खेळ. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. त्या काळी सवर्ण घरातील बाईने दलित वस्तीत जाऊन मुलांना आपल्या हाताने आंघोळ घालावी, ही साधी गोष्ट नव्हती. गावात कुजबुज झाली, पण काम थांबले नाही.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. दादरची लाकडी साधने बोर्डीला कोण आणणार आणि मोडली तर कोण दुरुस्त करणार? ताराबाईंनी आजूबाजूला पाहिले. समोर समुद्र होता. किनाऱ्यावर शिंपले आणि शंख पडले होते. रानात बिया होत्या, पाने होती, फुले होती, काटक्या होत्या. ओढ्यात गोटे होते. कुंभाराकडे माती होती. शिंपले मोजले की अंक आले. पाने लहान-मोठी लावली की आकार कळले. बिया रंगांप्रमाणे निवडल्या की रंग कळले. ओल्या मातीत बोटाने वळण काढले की अक्षराची सुरुवात झाली. पैसा लागला नाही. आणि मुख्य म्हणजे, यातली एकही वस्तू मुलाला परकी नव्हती. ज्या मुलाने बापाबरोबर रानात हिंडताना शंभर बिया पाहिल्या आहेत, तो बिया निवडण्यात बाईंपेक्षा हुशार निघतो. शाळेत पहिल्याच दिवशी आपल्याला काही तरी येते, असे वाटणे ही गरीब मुलासाठी केवढी मोठी गोष्ट आहे!

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. आता मुले बहुतेक वारली होती. येथे नवी अडचण पुढे आली. पाच-सहा वर्षांचे मूल झाले की ते गुरे राखायला जाई. मोठी बहीण असेल तर ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडे. तिला शाळेत ये म्हटले, तर भावाला कोठे ठेवणार? ही अडचण आपल्या नातेपुत्याच्या आसपास ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतही पाहायला मिळते. कोयता चालवणारे आईबाप फडात आणि पाचटाच्या खोपीजवळ सात-आठ वर्षांची मुलगी लहान भावाला सांभाळत बसलेली.

ताराबाईंनी दोन उपाय केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. कुरण म्हणजे गुरे चरतात ते गवताळ रान. बाई पिशवीत साहित्य भरून कुरणात जात. गुरे चरत आणि मुले झाडाखाली बसून शिकत. गाय भलतीकडे गेली तर एक जण उठून तिला वळवून आणी आणि पुन्हा येऊन बसे. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या योजनेला त्यांनी विकासवाडी हे नाव दिले. बहीण शाळेच्या वर्गात, मधला भाऊ बालवाडीत आणि तान्हे मूल पाळण्यात. मुलीला मध्येच वाटले तर उठून भावाला पाहून येता येई. पुष्कळदा सरकारी योजना मोठ्या खर्चाच्या असतात आणि शेवटी मुलगी घरीच राहते. येथे मुलगी शाळेत का येत नाही एवढाच प्रश्न नीट विचारला होता आणि उत्तर त्यातच सापडले.

खाण्यापिण्याचाही विचार आलाच. उपाशी मूल गाणे म्हणत नाही. डहाणू-घोलवडचा हा भाग चिकूंसाठी प्रसिद्ध आहे. आंबा, जांभूळ, ताडगोळे हा तेथल्या मुलांचा मेवा, भात आणि नाचणी हे रोजचे अन्न. आपल्याकडची मुले ज्वारीच्या भाकरीवर वाढतात, तिकडची नाचणीच्या. नातेपुत्याच्या बाईंनी भ भाकरीचा शिकवावा आणि कोसबाडच्या बाईंनी न नाचणीचा. दोन्हीकडे छापील तक्ता तोच पाठवला, तर दोन्हीकडे अननस येईल.

ताराबाई शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी सतत लिहीत राहिल्या. काही काळ त्या मुंबईच्या विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. सत्काराच्या हकिकती पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्या साधारण सारख्याच असतात, म्हणून येथे सांगत नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने सहा वर्षांखालील मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आरंभी देशातील फक्त ३३ विभागांत ती होती. मुलांना पोषक आहार द्यावा, लस टोचावी, वजन करावे आणि खेळांतून शिकवावे, अशी ती योजना. हे सारे जेथे व्हायचे त्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पुढे ही केंद्रे गावोगाव, वाड्यावस्त्यांवर आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोहोचली.

ताराबाईंना हे पाहायला मिळाले नाही. अनुताईंनी मात्र पाहिले. त्या कोसबाडच्या टेकडीवरच राहिल्या आणि १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत वारली मुलांना गोळा करून गाणी शिकवीत राहिल्या.